मधल्या चौकोनाला वाट नाही

दर्शना मढवी आमच्या ऑफिसात लागली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. ठाण्यात वर्तकनगरला एका आर्किटेक्टचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथे मी सीनियर ड्राफ्ट्समन. ती अंबरनाथला आयटीआय करून आलेली. शीळफाट्याजवळच्या एका गावातून रोज दोन रिक्षा आणि एक बस करून यायची. बोलायची कमी. पण तिची एक सवय पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आली. कॉम्प्युटरने प्लॉटचं क्षेत्रफळ सांगितलं तरी ती ते पाठकोऱ्या कागदावर हाताने काढून बघायची. प्लॉटचे त्रिकोण पाडायचे, एकेक मोजायचा, बेरीज करायची. मी एकदा म्हणालो, "अगं, मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकत सर," ती मान वर न करता म्हणाली. "सांगणारा चुकवतो."

ही सवय कुठून आली ते कळायला मला सहा-सात वर्षं लागली. डबा खाताना ती थोडं थोडं सांगत गेली. शेवटचा भाग मात्र मी स्वतः पाहिला. त्या दिवशी दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

तिच्या आजोबांचं एक शेत होतं, बरोब्बर चौरस. सहा साखळ्या लांब, सहा साखळ्या रुंद. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, म्हणून सगळं शेत छत्तीस गुंठे. मधोमध विहीर आणि विहिरीभोवती खोल काळी भातजमीन. चारही कोपरे मुरमाड, नुसते गवताचे.

आजोबा गेले आणि दोन भावांत वाटणी आली. मोठा हरिहर, त्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं, गावकीत त्याचा शब्द चालायचा. धाकटा नाथा, दर्शनाचा बाप, डोंबिवलीच्या एका कंपनीत माल चढवायला जायचा. शेत उभं कापलं असतं तर सरळ दोन भाग झाले असते आणि विहीर बांधावर आली असती. पण हरिहरने वेगळंच काढलं. शेताच्या चारही बाजूंच्या मध्यावर त्याने एकेक दगड रोवला आणि दगड ते दगड दोरी लावली. चौकोनाच्या आत एक तिरका चौकोन तयार झाला.

"मधला मी घेतो. चार कोपरे तुला," तो म्हणाला. "निम्मं निम्मं."

नाथाला ते पटेना. डोळ्याला मधला चौकोन केवढा तरी मोठा दिसत होता. मग गावातल्या शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी नाथाच्याच खांद्यावरचा चौकोनी रुमाल जमिनीवर पसरला आणि त्याची चारही टोकं दुमडून मध्यावर आणली. चार कोपऱ्यांनी आतला चौकोन काठोकाठ झाकला. ना कमी, ना जास्त.

"अण्णा खरं बोलतो रे," मास्तर म्हणाले. "अठरा त्याचे, अठरा तुझे."

हिशोबात खोट नव्हतीच. पण हरिहरला अठरा गुंठ्यांचा एकसंध काळा तुकडा आणि विहीर मिळाली, आणि नाथाला साडेचार-साडेचार गुंठ्यांचे चार मुरमाड त्रिकोण, एकमेकांपासून तुटलेले. नाथा म्हणाला, अण्णा बोलला म्हणजे झालं. स्टॅम्पपेपरवर नकाशा निघाला, अंगठा लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. पण दोन वर्षांनी हरिहर म्हणाला, नांगरताना दगड हललेत, नीट लावून घेऊ. शेताच्या एका अंगाला जांभळीचं मोठं झाड होतं, ते त्याला आपल्यात हवं होतं. त्याने चारही दगड चक्रासारखे एकाच दिशेने, आपापल्या बाजूवरून एकेक साखळी पुढे सरकवले. नाथा बघत होता. त्याने विचारलं, "अण्णा, हे काय?"

"काय म्हणजे? प्रत्येक कोपऱ्याला एका अंगाने एक साखळी घेतली, दुसऱ्या अंगाने एक साखळी दिली. आधी तीन नि तीन सहा होते. आता दोन नि चार सहा. कमी झाले का?"

नाथाने बोटांवर मोजलं. सहाच होत होते. तो घरी आला.

दर्शना तेव्हा बारा वर्षांची होती. नववीत गेल्यावर भूमितीच्या सरांनी घरी करायला एक उदाहरण दिलं: चौरसाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर आतल्या चौरसाचं क्षेत्रफळ किती? तिला हसू आलं. हे तर आमचं शेत! तिने चौकटीच्या वहीत सहा बाय सहाचा चौरस काढला, आत तिरका चौरस काढला, चौकटी मोजल्या. अठरा. मग तिला आठवलं की आता दगड मध्यावर नाहीत. तिने चारही बिंदू एकेक चौकट पुढे सरकवून पुन्हा मोजलं. कोपऱ्याचा त्रिकोण आता दोन बाय चारच्या आयताचा अर्धा. आठाचे अर्धे चार. पूर्वी तीन बाय तीनच्या नवाचे अर्धे साडेचार होते. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात अर्धा गुंठा गेला. चार कोपऱ्यांत दोन. आतला चौरस वीस झाला, बाहेर उरले सोळा.

"मी पाच वेळा मोजलं सर," ती मला म्हणालेली. "मला वाटलं माझंच चुकतंय. बेरीज सहाच आहे, मग जागा कमी कशी होते? मग कळलं, जागा बेरजेने नाही ठरत, गुणाकाराने ठरते. तीन त्रिक नऊ. दोन चोक आठ. काकाला ते माहीत होतं. म्हणूनच तो बेरीज दाखवत होता."

ती वही घेऊन बापाकडे गेली. नाथाला गुणाकार समजला नाही, पण चौकटी मोजता आल्या. तो भावाकडे गेला. भांडायला नाही, विचारायला. हरिहरने वही पाहिली, ते पान फाडलं आणि त्याच संध्याकाळी गावदेवीच्या देवळासमोर चार माणसं बोलावली.

"पोरगी शालंत जाते नि काकाला चोर बोलते," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "असं शिकवलंस तिला, नाथा? टोपी काढ. माझ्या पायावर ठेव नि बोल, माझी पोरगी खोटी."

नाथाने टोपी काढली. वाकून भावाच्या पायावर ठेवली. "माझी पोरगी खोटी," तो म्हणाला.

दर्शना तिथेच, देवळाच्या पायरीपाशी उभी होती. हे सांगताना तिच्या हातातली पोळी तशीच राहिली होती. "बाबा घरी आला, जेवला, झोपला. मला एक शब्द बोलला नाही. पण तेव्हापासून मरेपर्यंत त्याने माझ्या वहीत कधी बघितलं नाही. त्याला पटलेलं सर, की मी खरी आहे. तेच त्याला सहन होत नव्हतं."

नाथा दोन हजार नऊ साली गेला. सरकारी मोजणी मागवली असती तर दर्शनाला दोन गुंठे परत मिळाले असते. मी तिला तसं सुचवलंही.

"गुंठे मिळतील," ती म्हणाली, "पण कुठल्या तरी साहेबाच्या कागदावर. मला ते काकाच्या तोंडून हवेत. त्याच जागेवर. बाबा वाकला होता ना, तसंच वाकून."

मी तिला समजावलं की असं काही होत नसतं, माणसं मरतात, विसरतात. ती ऐकून घ्यायची आणि डबा धुवायला उठायची. तिचं लग्न झालं नाही. दोन स्थळं आली होती, दोन्ही हरिहरच्या ओळखीतली. तिने चहासुद्धा दिला नाही. आई आवडाबाई आणि ती, दोघीच राहायच्या. ऑफिसात तिच्या टेबलाच्या काचेखाली चौकटीच्या कागदाचा एक तुकडा होता, त्यावर सहा बाय सहाचा चौरस. आलेल्या-गेलेल्यांना वाटायचं, कुठल्या टाइल्सचं डिझाइन आहे.

मग गावाच्या पाठीमागून नवा रुंद रस्ता आला. तो बरोब्बर त्या शेताच्या पूर्वेच्या बाजूला लागून गेला. बाकीच्या तीन बाजूंना दुसऱ्यांच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. हरिहरला वाटलं, नशीब उघडलं. एक बिल्डर आला, मधल्या जमिनीवर टॉवर बांधू म्हणाला. कागद पुढे सरकले, पेढे वाटले गेले. शेवटी बिल्डरच्या माणसाने विचारलं, "तुमच्या जमिनीला रस्त्याची बाजू किती फूट लागते?"

हरिहरचा नातू विकी त्याला रस्त्यावर घेऊन गेला आणि पूर्वेचा दगड दाखवला. तिरक्या चौकोनाचं टोक तेवढ्या एका दगडापाशी रस्त्याला टेकत होतं. त्याच्या दोन्ही अंगांची सगळी बाजू नाथाच्या दोन कोपऱ्यांची, म्हणजे आता दर्शनाची. बिल्डरच्या माणसाने दगडावर पाय ठेवला आणि म्हणाला, "हे टोक आहे. टोकाला रुंदी नसते. गाडी कुठून नेणार?"

विकी आमच्या ऑफिसात आला तो मे महिन्यात, दुपारी. सव्वीसेक वर्षांचा, जिम करणारा, बोलायला गोड. दर्शनाला त्याने मोबाइलवर टॉवरचं चित्र दाखवलं.

"आत्या, सीन असा आहे, तुझ्या एका कोपऱ्यातनं तीस फुटांचा पट्टा लागतोय. फक्त रस्त्यासाठी. त्याच्या बदल्यात दोन फ्लॅट. आजींना पण लिफ्टवाल्या घरात राहायला मिळेल. बोल ना, काय प्रॉब्लेम आहे?"

"फ्लॅट नको मला."

"मग काय पाहिजे?"

"तुझ्या आजोबांना देवळासमोर घेऊन ये. त्यांनी तेव्हा चार दगड सरकवले, ते मोजून दाखवू देत. सगळ्यांसमोर."

"काय मोजून?"

"त्यांना माहीत आहे."

विकीला खरंच काही माहीत नव्हतं. दगड हलले तेव्हा तो जन्मला नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला, मी ड्रॉइंगकडे बघत राहिलो.

हरिहर आठ-नऊ महिने आला नाही. त्याने तहसीलमधे अर्ज करून पाहिला. बांधावरून बैलगाडीपुरती वाट मिळेल असं तिथून कळलं. त्या वाटेवर टॉवर उभा राहत नाही. बिल्डर कंटाळला, महिन्याभरात काय ते सांगा म्हणाला. तेव्हा, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दहाला, हरिहर देवळासमोर आला. दर्शनाने मला आदल्या दिवशी विचारलेलं, "सर, दोरी धरायला याल? गावातलं कोणी धरणार नाही." मी गेलेलो.

देवळासमोर आता चौकोनी लाद्या बसवल्या होत्या. ती महिनाभर आधी येऊन मोजून गेली होती. तिने खडूने सहा लाद्या बाय सहा लाद्यांचा चौरस आखला. एक लादी म्हणजे एक गुंठा. तीस-चाळीस माणसं जमली. हरिहर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पांढरं स्वच्छ धोतर, हातात काठी. आवडाबाई देवळाच्या पायरीवर पदर सावरून बसली होती.

दर्शनाने माझ्या हातात दोरी दिली. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक दगड ठेवून त्यांच्याभोवती तिने ती फिरवली. "काका, हे तुमचे पहिले दगड. एका कोपऱ्यात किती लाद्या?"

"उभ्यानं मोजतो."

"नाही. खाली बसून."

विकी पुढे झाला. "आत्या, त्यांचे गुडघे... मी मोजतो ना."

"तू नाही."

म्हाताऱ्याने काठी ठेवली. एक हात जमिनीला टेकून तो आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर बसला. बोटाने लादी लादी मोजू लागला. तीन बाय तीनच्या नऊ, तिरक्या दोरीने त्यांचे दोन भाग.

"साडेचार," तो म्हणाला.

"चार कोपऱ्यांचे?"

"अठरा."

मग तिने दोरी सोडवली आणि चारही दगड एकेक लादी पुढे सरकवले. मी माझं टोक दाबून धरलं. "आता मोजा."

या वेळी तो हळू मोजत होता. दोन बाय चारच्या आठ लाद्या. त्याने दोनदा बोट फिरवलं. त्याला उत्तर माहीत होतं, ते माझ्यासारख्या परक्यालाही दिसत होतं. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून लादीवर पडला.

"चार."

"चार कोपऱ्यांचे?"

तो काहीतरी पुटपुटला.

"काका, मोठ्याने. पाठीमागच्यांना ऐकू येत नाही."

"सोळा."

"आणि मधे?"

"वीस."

"मग खोटं कोण बोललं?"

हरिहरने दोन्ही तळवे लादीवर टेकले. त्याची मान खाली होती. "नाथाची पोरगी खोटी नव्हती," तो म्हणाला. "मी खोटा बोललो."

मला वाटलं, झालं. दर्शनाचं तोंड मी शेजारून बघत होतो. पंचवीस वर्षं तिने ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. म्हाताऱ्याला उठता येत नव्हतं. तिनेच नकळत हात पुढे केला आणि विकीने दुसरा हात धरून त्याला उभं केलं. विकीने पिशवीतून वाटेचा करारनामा काढला, पेन काढलं. दर्शनाने पेन घेतलं. मला माहीत आहे, ती सही करणार होती. तिचा सगळा राग सोळाच्या त्या आकड्यात संपला होता.

"दर्शने," पायरीवरून आवाज आला. "पेन ठेव."

सगळे वळले. आवडाबाई उठली नव्हती. बसल्या जागेवरूनच ती हरिहरशी बोलत होती.

"भावजी, तुजी मोजनी झाली. आता माजी ऐक. वाटनीच्या दुसऱ्या वर्षी मी खालच्या कोपऱ्यात मिरचीची रोपं लावली व्हती. दोनशे रोपं. वैशाखात सुकाया लागली. मी तुज्या दारात आली, बोलली, ईरीतनं चार हंडे पानी नेते, तुज्या शेतातनं वाट दे. तू काय बोललास? आठवतंय?"

हरिहर लादीवर ठेवलेली काठी शोधू लागला.

"बोललास, माज्या शेतातनं वाट नाय. मी सात महिन्यांची पोटुशी व्हती. मंग गावच्या हापशीवरनं हंडे वाह्यले, पार फिरून. आठव्या दिवशी पोट गेलं. मुलगा व्हता. नाथाला मी सांगतलं, पाय घसरला. भावाभावांत खून नको म्हनून."

दर्शना आईकडे बघत होती. पोट गेलेलं तिला आठवत होतं, पण पाय घसरला एवढंच तिलाही सांगितलेलं. एवढी वर्षं एका घरात, एका चुलीपाशी, आणि माहीत नव्हतं.

"माज्या कोपऱ्यातनं वाट नाय," आवडाबाई म्हणाली. मग उठली, गुडघ्यावर हात दाबत पायऱ्या उतरली आणि खडूच्या रेघांवरून चालत घरी निघून गेली.

दर्शनाने पेन विकीच्या खिशात परत खोचलं. करारनामा होता तसाच त्याच्या हातात दिला. मी दोरी गुंडाळली.

बिल्डर पलीकडच्या गावात गेला. त्याचा टॉवर तिथे अर्धा उभा आहे. दर्शनाने दुसऱ्या महिन्यात सरकारी मोजणी मागवली, दगड पुन्हा मध्यावर बसले, आणि तिने चारही कोपऱ्यांना तारेचं कुंपण घातलं. तहसीलच्या हुकमाने विकीला बांधालगत आठ फुटांची वाट मिळाली. त्या वाटेने तो मोटरसायकल घालतो, विहिरीचा पंप चालू करतो, परत येतो. हरिहर देवळासमोर बसायला येईनासा झाला आणि पुढच्या पावसाळ्यात गेला. दर्शना दहाव्याला गेलेली. तिला कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती कडेला बसून राहिली आणि पिंडाला कावळा शिवल्यावर घरी आली.

गेल्या दिवाळीत विकी पुन्हा ऑफिसात आला होता. त्याला काही मागायचं नव्हतं. त्याने शीळफाट्यावर टायरचं दुकान टाकलंय, त्याचं कार्ड द्यायला आलेला. जाताना दारात थांबला.

"आत्या, एक विचारू? त्यांनी केलं, ते गेले. माझं काय चुकलं?"

दर्शनाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता तरी नरमेल.

"तुझं काही नाही चुकलं," ती म्हणाली. "पण वाट नाही."

तो मान हलवून गेला. तिने कार्ड ड्रॉवरमधे ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेच्या जिन्याचं ड्रॉइंग पुन्हा उघडलं. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, आई मिरच्या लावतेय त्या खालच्या कोपऱ्यात. नळाचं पाणी आणलंय तिथे. दोनशे रोपं मागवलीत तिने."